हौशी खेळाडू आणि त्याचे घर



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून खेळाविषयी बोलणे हे थोडे धाडसाचे काम आहे. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ साली पुण्यात ही प्रथा सुरू केली, तेव्हापासून या व्यासपीठावर समाजसुधारणा आली, अर्थकारण आले, वेदान्त आला, स्वराज्य तर आलेच. खेळ आला तो फार उशिरा, आणि तोही पुष्कळदा ठरलेले वक्ते गाडी चुकल्यामुळे पोहोचू शकले नाहीत म्हणून! आमच्या बाबतीत तसे काही घडलेले नाही, हे आरंभीच सांगून टाकतो. चालकांनी आम्हांला एका माणसाची आठवण जागवायला सांगितले आणि ते आम्ही आनंदाने मान्य केले.

तो माणूस म्हणजे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर. त्यांच्या नावाची स्पर्धा आपणांपैकी बहुतेकांनी ऐकलेली आहे. पण आज आम्ही बोलणार आहोत ते स्पर्धेच्या नावातील देवधरांविषयी नव्हे. पगारावर प्रपंच करणारा, मुलाबाळांचा, सकाळी वर्गात संस्कृत शिकवणारा आणि उरलेल्या वेळात आपल्या गावच्या, आपल्या प्रांताच्या मैदानावर जीव लावणारा जो गृहस्थ, त्याच्याविषयी आम्हांला बोलायचे आहे. क्रिकेटचे बादशहा पुष्कळ झाले. गृहस्थ थोडे.

आता ही आठवण पुण्याच्या माणसाची आणि ती सांगायची डहाणूत, तलासरीहून आलेल्या मंडळींसमोर, याचे प्रयोजन काय, असे कोणी विचारील. प्रयोजन आहे, आणि बोलण्याच्या ओघात ते येईल. थोडा धीर धरावा.

‘हौशी’ हा शब्द आपण फार सैलपणे वापरतो. हौशी नाटक म्हणजे कच्चे नाटक, हौशी गवई म्हणजे ज्याचे गाणे शेजाऱ्यांनी सहन करावयाचे तो गवई. खेळात मात्र या शब्दाला एक नेमका अर्थ होता. जो खेळातून पोट भरीत नाही तो हौशी. म्हणजे ज्याचे पोट दुसरीकडे भरते तो. अर्थाची ही दुसरी बाजू आपण विसरतो. हौशी खेळाडू व्हायचे तर आधी कुठेतरी भाकरीची सोय हवी, अंगात दमाबरोबर त्राण हवे, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे संध्याकाळ आपल्या मालकीची हवी. देवधरांना या तिन्ही गोष्टी लाभल्या. त्यांचे त्यांनी काय केले ते पाहण्यासारखे आहे.

त्यांचा जन्म पुण्याचा, १४ जानेवारी १८९२ चा. ऐन संक्रांतीच्या सुमाराचा. १९११ साली ते प्रथम श्रेणीचा पहिला सामना खेळले. पुढे १९१६ साली पुण्यात न्यू पूना कॉलेज निघाले, तेच आजचे सर परशुरामभाऊ महाविद्यालय. तेथे देवधर संस्कृतचे प्राध्यापक. पाणिनी आणि पॅव्हेलियन अशी ही जोडी. लोकांना त्याचे नवल वाटे, आम्हांला तितकेसे वाटत नाही. व्याकरण शिकवणाऱ्याला नियमाचा आणि अपवादाचा आदर असतो, आणि क्रिकेट तरी दुसरे काय आहे? पण हे गमतीने झाले. खरी गोष्ट अशी की, कॉलेजच्या नोकरीमुळे त्यांना आपले गाव सोडावे लागले नाही. पोटासाठी कोणा महाराजांच्या पदरी राहावे लागले नाही. त्या काळच्या क्रिकेटपटूच्या आयुष्यात ही केवढी मोठी गोष्ट होती, ते पुढे सांगतो.

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांचा एम.सी.सी.चा संघ हिंदुस्थानात आला. मुंबईला जिमखान्याच्या मैदानावर सी. के. नायडूंनी हिंदूंच्या संघाकडून १५३ धावा काढल्या, त्यांत ११ षटकार होते. त्या खेळीची वर्णने आजही लोक सांगतात, आणि सांगावीतच. परंतु त्याच महिन्यात त्याच शहरात अखिल भारतीय संघाकडून ३४ वर्षांच्या एका पुणेकर प्राध्यापकाने त्याच पाहुण्यांविरुद्ध १४८ धावा काढल्या, हे मात्र नायडूंच्या षटकारांच्या आवाजात थोडे बुडून गेले. हे दोन डाव पाहिल्यावर, या देशातले लोक आपल्या बरोबरीने खेळू शकतात, हे पाहुण्यांच्या ध्यानात आले. १९२८ साली क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले, त्यामागे या दौऱ्याचा मोठा वाटा होता.

१९३२ साली हिंदुस्थानचा संघ पहिला कसोटी सामना खेळण्यासाठी इंग्लंडला गेला, तेव्हा देवधर त्यात नव्हते. त्यांची चाळिशी आली होती. वय झाले असे म्हणण्यात आले. ज्या दाराला त्यांनी धक्का दिला ते दार उघडले, आणि ते बाहेरच राहिले. देवधर आयुष्यात एकही अधिकृत कसोटी सामना खेळले नाहीत. सामान्य माणूस अशा प्रसंगी काय करतो? बॅट माळ्यावर टाकतो आणि उरलेला जन्म ओसरीवर बसून निवड समितीला शिव्या देतो. तेही समजण्यासारखे आहे. देवधरांनी मात्र आपले लक्ष परगावच्या दारावरून काढून आपल्या अंगणाकडे वळवले.

रणजी करंडकाचे सामने १९३४-३५ मध्ये सुरू झाले. महाराष्ट्राचा संघ म्हणजे तेव्हा मुंबईच्या शेजारचा गरीब नातेवाईक. मुंबईकडे मैदाने, जिमखाने, गिरण्या, शेठसावकार. इकडे शाळा-कॉलेजातली पोरे. त्या पोरांचा कर्णधार झाला चाळिशी ओलांडलेला एक प्राध्यापक. १९३९-४० साली महाराष्ट्राने संयुक्त प्रांताला हरवून करंडक जिंकला आणि १९४०-४१ साली मद्रासला मद्रासमध्ये जाऊन हरवले आणि तो पुन्हा जिंकला. लागोपाठ दोन वर्षे.

या दोन विजयांपेक्षाही मधला एक सामना आम्हांला अधिक बोलका वाटतो. १९४० चा पुण्याचा मुंबईविरुद्धचा सामना. मुंबईने ६५० धावा काढल्या. साडेसहाशे! डोंगरच तो. महाराष्ट्राने मात्र ६७५ केल्या, आणि पहिल्या डावाच्या आघाडीवर मुंबईला बाहेर काढले. त्यांपैकी २४६ धावा एकट्या देवधरांच्या. ती त्यांच्या आयुष्यातली सर्वोच्च खेळी, आणि त्या वेळी त्यांना ४८ वे वर्ष पुरे होऊन ४९ वे चालू होते. आपल्यापैकी ज्यांनी हे वय पाहिले आहे त्यांनी स्वतःला विचारावे, या वयात दिवसभर उन्हात नुसते उभे राहवते का? येथे तर एकामागून एक ताजे गोलंदाज येत होते. अशी खेळी केवळ मनगटातून येत नाही. पहाटेची उठण्याची सवय, जेवणातला संयम, लवकर दिवा मालवणे, हे सगळे घरात वर्षानुवर्षे पाळले गेलेले असते. त्या २४६ धावांत स्वयंपाकघराचा वाटा केवढा, हे धावफलकावर लिहिण्याची सोय नाही. पण संसारी माणसांना ते सांगावे लागत नाही.

मघाशी आम्ही नोकरीची गोष्ट अर्धी सोडली होती. या संघातला सर्वांत तेजस्वी मोहरा म्हणजे सांगलीचे विजय हजारे. १९३९-४० साली त्यांनी महाराष्ट्राकडून बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या. आणि पुढे काय झाले? १९४१ साली हजारे बडोद्याच्या संस्थानात नोकरीला गेले, आणि मग बडोद्याकडूनच खेळू लागले! यात हजाऱ्यांना दोष देण्यासारखे काही नाही. माणसाला घर चालवायचे असते. त्या काळी खेळाडूची भाकरी बहुधा संस्थानिकांच्या भांड्यात शिजे, आणि जिथे भाकरी तिथे खेळाडू जाई. देवधर कर्णधार म्हणून कितीही मोठे असले तरी आपल्या सर्वोत्तम फलंदाजाला पुण्यात एक कायमची नोकरी काही ते निर्माण करून देऊ शकत नव्हते. ते स्वतः मात्र राहू शकले, कारण कॉलेज होते. निष्ठा ही मनाची गोष्ट खरी, पण तिलाही महिन्याच्या महिन्याला पगार लागतो, हे बोलायला आपण उगीच संकोचतो.

१९४४-४५ च्या मोसमात नवानगरविरुद्ध देवधरांनी दोन्ही डावांत शतके काढली, १०५ आणि १४१. वय ५२. पहिल्या महायुद्धाच्या आधी ज्याने आपला पहिला सामना खेळला, तो माणूस दुसऱ्या महायुद्धानंतरही, १९४८ पर्यंत, मैदानावर होता. ८१ सामने, ४५२२ धावा, ९ शतके. आजकाल एखादा खेळाडू चार-पाच वर्षांत इतके सामने खेळून मोकळा होतो. देवधरांना ३७ वर्षे लागली, कारण उरलेल्या दिवशी ते वर्गात होते.

आता घरात डोकावू. देवधरांच्या तीन मुली, तारा, सुंदर आणि सुमन. तिघीही बॅडमिंटन खेळल्या, आणि १९४० नंतरच्या दशकात राष्ट्रीय विजेतेपदे त्यांच्या घरात आली. मुलगा शरद प्रथम श्रेणीचे क्रिकेट खेळला. मुलाने बापाचा खेळ उचलला, यात विशेष काही नाही. ती जगाची रीत आहे. मुलींचे मात्र विशेष आहे. त्या काळच्या मध्यमवर्गीय घरात मुलगी वयात आली की तिचे पळणे थांबे. ‘आता तू लहान नाहीस’ हे वाक्य ज्या मुलीने ऐकले नाही अशी मुलगी त्या पिढीत शोधून काढावी लागेल. आजही, मला वाटते, फार शोधावी लागणार नाही असे नाही. अशा काळात एका बापाच्या तीन मुली हातात रॅकेट घेऊन परगावी सामने खेळायला जातात आणि जिंकून येतात, ही गोष्ट त्या २४६ धावांपेक्षा लहान आहे असे आम्ही मानीत नाही. जाता जाता सांगतो, बॅडमिंटनला एके काळी ‘पूना’ हेच नाव होते. पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी त्याचे नियम बसवले. साहेबांच्या मडमांचा तो खेळ सदाशिव-नारायणच्या संस्कृतीत वाढलेल्या मुलींच्या हाती आला, त्याला मध्ये एक बाप उभा असावा लागला.

आठवण जागवायची म्हणून फक्त गोडच सांगावे, असा एक शिष्टाचार आहे. तो आम्ही पाळणार नाही. देवधरांसारख्या खिलाडू माणसाच्या आठवणीत त्याची गरजही नाही.

त्याच पुण्यात, देवधरांच्या थोडे आधी, आणखी एक क्रिकेटपटू घडला, बाळू पालवणकर. चर्मकार कुटुंबातला हा मुलगा गोऱ्यांच्या क्लबात महिना चार रुपयांवर मैदानाची देखभाल करी आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकी. साहेबांना चेंडू टाकता टाकता तो देशातला पहिल्या प्रतीचा गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदू क्लबाने त्याला संघात घेतले, पण चहा द्यायची वेळ आली की तो बाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ साली, म्हणजे देवधर ज्या वर्षी पहिला मोठा सामना खेळले त्याच वर्षी, बाळूने इंग्लंडच्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. त्याचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल हेही नामांकित खेळाडू. असे असून १९२० च्या चौरंगी सामन्यांसाठी हिंदूंच्या संघातून बाळूला वगळण्यात आले, आणि कर्णधार आजारी पडल्यावर शिवराम-विठ्ठल या अनुभवी भावांना डावलून देवधरांचे नाव पुढे करण्यात आले. दोघा भावांनी जाहीर पत्रक काढून खेळायचे नाकारले. मोठा गदारोळ झाला. अखेरच्या सामन्यासाठी त्यांची समजूत घालावी लागली, बाळूला परत बोलावून उपकर्णधार करावे लागले. आणि १९२३ साली विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचा कर्णधार झाला.

हे आम्ही देवधरांना कमीपणा आणण्यासाठी सांगत नाही. निवड करणारे दुसरे होते. पण ‘हौशी’ या शब्दाच्या पोटात काय दडलेले आहे, ते या एका प्रसंगात जितके दिसते तितके दुसरीकडे दिसत नाही. एकाला कॉलेज होते, जात होती, संध्याकाळ होती. दुसऱ्याला फक्त हात होता. दोघेही खेळावर सारखेच प्रेम करीत होते.

आणि येथे आम्ही आपल्या गावी येतो.

सन १९४४-४५ च्या मोसमात देवधरांनी ती दोन शतके काढली म्हणून मघाशी सांगितले. त्याच मोसमानंतरच्या उन्हाळ्यात, २३ मे १९४५ रोजी, येथून जवळच असलेल्या झरी गावी वारली लोक हजारोंनी गोळा झाले आणि त्यांनी ठरवले की यापुढे वेठ करायची नाही. झरी तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते. १९६० साली दोन राज्ये झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले आणि इकडे राहिलेल्या गावांतून तलासरी तालुका उभा राहिला. ती सभा भरवण्यात पुढाकार होता शामराव आणि गोदावरी परुळेकरांचा. गोदावरीबाई माहेरच्या गोखले, पुण्याच्याच. म्हणजे पाहा, एकाच पुण्यातून एक माणूस मैदानावर गेला आणि एक बाई येथल्या पाड्यांवर आली.

‘वेठ’ हा शब्द येथे कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. पण ‘लग्नगडी’ या शब्दाकडे आजच्या प्रसंगी आपण थोडे थांबून पाहावे. लग्नासाठी सावकाराकडून थोडे पैसे घ्यायचे आणि ते फेडण्यासाठी नवऱ्याने त्याच्या शेतावर राबायचे, बायकोने सुद्धा. वर्ष जाई, दोन वर्षे जात, जन्म जाई, कर्ज फिटत नसे. ज्या दिवशी माणूस संसारी झाला त्याच दिवशी तो गुलाम झाला! देवधरांच्या घरात प्रपंच हा खेळाचा आधार होता. पहाटे उठवायला, वेळेवर वाढायला, हरून आल्यावर गप्प बसायला घर होते. इकडे लग्नगड्याला प्रपंच हीच बेडी होती. तोही बायकोमुलांवर माया करणारा माणूस होता. त्याच्याही पायांत बळ होते. ज्याने रात्रभर तारप्याच्या सुरावर फेर धरलेले वारली पाहिले असतील त्याला दम म्हणजे काय हे दुसऱ्या कोणी शिकवायला नको. पण त्याची संध्याकाळ मालकाची होती.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की, या भागातल्या क्रीडेचा इतिहास लिहायचा झाला तर तो एखाद्या क्लबाच्या स्थापनेपासून लिहू नये. तो झरीच्या सभेपासून लिहावा. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात तलवाड्याला गोळीबार झाला, माणसे मेली. इतकी किंमत देऊन येथल्या माणसाने आपला दिवस मावळल्यानंतरचा वेळ परत मिळवला. मैदान नंतर आले.

याच १९४५ साली बोर्डीला ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षण केंद्र सुरू केले, आणि १९५७ साली ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. सोबत अनुताई वाघ. त्यांच्या लक्षात आले की वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरांमागे असतात. मग त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. तिला कुरणशाळा असे सुंदर नाव मिळाले. शिक्षणाच्या बाबतीत ही गोष्ट देशभर वाखाणली गेली. खेळाच्या बाबतीत मात्र आपण अजून उलटेच करतो. मैदान तालुक्याच्या गावी, स्पर्धा जिल्ह्याच्या गावी, आणि मुलगा पाड्यावर! १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, जिल्ह्याचे ठिकाण ठाण्याहून पुष्कळ जवळ आले, हे खरे. पण तलासरीच्या डोंगराकडच्या पाड्यावरून निघणाऱ्या मुलाला पहिल्या एस.टी.पर्यंतचे अंतर चालायचे तेवढेच चालावे लागते.

या ठिकाणी परदेशातले एक उदाहरण आठवते. अमेरिकेत बेसबॉलचे वेड आपल्याकडच्या क्रिकेटसारखेच. तेथे पेनसिल्व्हेनिया राज्यात विल्यम्सपोर्ट नावाचे एक लाकूडकामाचे गाव आहे. तेथील कार्ल स्टोट्झ हा एक साधा नोकरदार. आपल्या दोन भाच्यांबरोबर तो अंगणात चेंडू खेळे. पोरांना खऱ्या संघात, खऱ्या मैदानावर खेळायची इच्छा. मोठ्यांच्या मैदानावर लहानांचे पाय पुरत नाहीत. स्टोट्झने काय करावे? त्याने मैदानच लहान केले. शेजारची मुले गोळा करून, पावलांनी अंतरे मोजून, बारा वर्षांच्या मुलाला झेपेल असे मैदान ठरवले, आणि १९३९ साली तीन संघांची स्पर्धा सुरू केली. तीच पुढे जगभर पसरलेली ‘लिटल लीग’. तिचा आरंभ कोणा सरकारी योजनेतून झाला नाही. भाच्यांवर जीव असलेल्या एका घरगुती माणसाच्या रिकाम्या संध्याकाळीतून झाला. कुरणशाळा आणि हे छोटे मैदान यांत आम्हांला फारसा फरक दिसत नाही.

आपल्याकडे अशा माणसाने कोणता खेळ हाती घ्यावा? बेसबॉलचे आपल्या मातीशी नाते थोडेच, आणि क्रिकेटला साहित्य लागते, खेळपट्टी लागते, दिवस लागतो. चिकूच्या वाड्यांमधून जी मोकळी जागा उरते तेवढ्यात बसणारा खेळ म्हणजे कबड्डी. सात गडी, आखलेल्या चार रेषा आणि दम. पुण्या-बडोद्याकडच्या संस्थांनी गेल्या शतकाच्या पहिल्या पंचवीस वर्षांत या खेळाला नियमात बसवले, १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने बर्लिनला जाऊन आपल्या देशी खेळांचे प्रदर्शन केले, आणि १९९० साली बीजिंगला कबड्डी आशियाई स्पर्धेत आली. एवढा प्रवास केलेल्या खेळाला मातीवर अजूनही एका जोडी बुटांची सक्ती नाही, ही त्याची खरी श्रीमंती. पावसाळ्यात भातलावणीनंतर मऊ झालेली जमीन याला पुरते.

कमी आहे ती खेळाची नव्हे, देवधरांची. म्हणजे असे की, दररोज संध्याकाळी ठरल्या वेळी मैदानावर येणारा, शिट्टी वाजवणारा, भांडणे मिटवणारा, कोणाच्या घरी आजारपण आहे म्हणून मुलगा आला नाही हे लक्षात ठेवणारा, आणि हे सर्व वीस-पंचवीस वर्षे करणारा एक संसारी माणूस. शाळेतले शिक्षक पुष्कळ ठिकाणी हे करतात. त्यांची बदली झाली की संघ विरघळतो. मुलगा मोठा होतो आणि कामासाठी वापी, बोईसरकडे जातो. सकाळच्या गाडीने गेलेला रात्रीच्या गाडीने येतो. वेठ गेली, पण संध्याकाळ पुन्हा दुसऱ्याच्या हाती जाऊ लागली आहे. हजारे बडोद्याला गेले त्याचीच ही धाकटी आवृत्ती. याला उपाय म्हणून आम्ही कोणाला निष्ठेचा उपदेश करणार नाही. गावच्या मुलाला गावाजवळ काम मिळाले तर तो गावच्या मैदानावर दिसेल. पुण्याच्या कॉलेजाने एका प्राध्यापकाला धरून ठेवले, आणि महाराष्ट्राला दोन करंडक मिळाले. ज्यांच्या वाड्या आहेत, कारखाने आहेत, बँका आणि पतपेढ्या आहेत, त्यांनी या हिशेबाकडे एकदा पाहावे. आणि मुलीही त्या मैदानावर असाव्यात, हे वेगळे सांगायला नको; तारा, सुंदर आणि सुमन यांची नावे आम्ही मघाशी उगीच घेतलेली नाहीत.

देवधर निवृत्त झाले म्हणजे घरी बसले असे नाही. महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले, राष्ट्रीय निवड समितीतही काम केले. ज्या खुर्चीने त्यांना एकदा बाहेर ठेवले तिच्यावर बसण्याची वेळ त्यांच्यावरही आली. १९६५ साली पद्मश्री आणि १९९१ साली पद्मभूषण हे किताब मिळाले. १९७३-७४ पासून विभागीय संघांच्या मर्यादित षटकांच्या स्पर्धेला त्यांचे नाव देण्यात आले. जो माणूस दोन-दोन दिवस फलंदाजी करी, त्याचे नाव झटपट क्रिकेटला मिळावे, ही नियतीची थोडी थट्टाच म्हणायची.

१४ जानेवारी १९९२ रोजी त्यांनी शंभरी पुरी केली. असे शतक गाठणारे ते पहिले भारतीय प्रथम श्रेणी क्रिकेटपटू. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात ते गेले, त्यांच्या स्वतःच्या गावात, जेथून कोणत्याही महाराजांना त्यांना हलवता आले नाही.

बाहेर अंधार पडला आहे, तलासरीकडे जाणाऱ्या मंडळींना वाहन गाठायचे आहे.